देठ कोणी चाखलं?

१६ जानेवारी १९९६

मनांग होनोर,

काल तुझ्या शेतकी ऑफिसची जीप आपल्या फाटकाशी थांबली तेव्हा मी कॉफीचं आधण ठेवलं. ते आटून भांडं करपलं तरी तू आत आली नाहीस. शनिवारी आईच्या वर्षाच्या जेवणाला तू आली नाहीस, ते मी काम असेल म्हणून सोडून दिलं होतं. पण काल तर तू आली होतीस. दारापासून वीस पावलांवर होतीस. लिलोंग ओट्यावर बसले होते. म्हणाले, "कोण आलंय? चालीवरून माझी नात होनोर वाटते." मी म्हटलं, "ऑफिसची माणसं आहेत, लिलोंग." खोटं नव्हतं ते.

तू बूट न काढता त्यांच्या मांडवाखाली गेलीस. ज्या भोपळ्याच्या कवचाच्या ते टोप्या करतात, त्या टोपीच्या वेलाचं एक पान तोडलंस. मग उकिरड्यातून शनिवारच्या स्वयंपाकातलं एक पान उचललंस. दोन्ही पिशव्यांत घातलीस आणि कापितानच्या पाठीवर कागद ठेवून लिहायला लागलीस. गावाचा कापितान ओणवा उभा राहून म्हणत होता, "मॅडम, जरा हळू, गुदगुल्या होतात!" आणि लोक हसले. नऊ माणसं ओकून ओकून आडवी झाली होती, आंटी बासियांग इस्पितळात सलाइनवर होती, आणि लोक हसले. तूसुद्धा हसलीस. मी पाहिलं.

तुझ्या कागदाची नक्कल कापितानने चर्चच्या भिंतीला लावली आहे. मला ती पाठ झाली आहे. "टोपीसाठी लावली जाणारी विषारी जात. खाण्याच्या दुधीहून वेगळी. पानावरून ओळख निश्चित. दृष्टी अधू असलेल्या वृद्धाकडून चुकीने स्वयंपाकात गेली. गावातील या जातीचे सर्व वेल १० फेब्रुवारीस उपटून जाळावेत."

पानावरून! मनांग, हे तू लिहिलंस?

आपण लहान असताना लिलोंग आपल्या डोळ्यांवर आईच्या ओढणीचा फडका बांधायचे आणि हातात एकेक पान द्यायचे. दोडक्याचं मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. कारल्याचं फाटकं आणि उग्र वासाचं. तांबड्या भोपळ्याचं देठ पोकळ, बोटाला टोचणारं. कोहळ्याचं केसाळ. आणि दुधीचं मऊ, म्हाताऱ्या बाईच्या गालासारखं, आणि पान देठाला जुळतं तिथे दोन बारीक तीळ. मी तीळ शोधत बसायची. तू नुसतं गालाला लावून सांगायचीस. नेहमी तूच जिंकायचीस. मग मी रडायची आणि लिलोंग मला कोवळ्या काकडीचा तुकडा द्यायचे.

आणि त्या खेळाचा शेवट आठवतो? लिलोंग शेवटी दोन पानं द्यायचे, एक टोपीच्या भोपळ्याचं, एक ताटातल्या दुधीचं, आणि विचारायचे, "कोणतं कोणाचं?" आपण काहीही सांगितलं की म्हणायचे, "चूक." उलटं सांगितलं की म्हणायचे, "तेही चूक." कारण वेल एकच आहे. एकच जात, एकच पान, तेच पांढरं फूल, तेच दुहेरी तणावे. एकाचं फळ गोल धरतं आणि गर कडू असतो, दुसऱ्याचं लांब आणि गोड. फळ धरेपर्यंत देवालासुद्धा कळत नाही, आणि धरल्यावरसुद्धा चाखल्याशिवाय कळत नाही. हे या घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. तुला तर त्याचा पगार मिळतो.

लिलोंगची बियांची बरणी गेल्या पावसात उंदरांनी फोडली. वाचलेलं सगळं बी त्यांनी माझा हात धरून लावलं. आता त्यांच्याकडे जे काही आहे ते त्या मांडवावर लटकतंय, आणि ते पिकायला फेब्रुवारीची अखेर उजाडेल. दहा तारखेला वेल उपटले तर नुसत्या यंदाच्या टोप्या जाणार नाहीत. त्यांच्या आजोबांपासून आलेलं बी जाईल. हे तू जाणतेस. म्हणून लिहिते. तो कागद मागे घे.

तुझी धाकटी बहीण, जिला तू काल "बाई, कामात अडथळा आणू नका" म्हणालीस,
पेतांग

ता. क. नऊ नव्हे, आठ. ताता मेलचोर पोट धरून बसला होता, पण त्याच्या बायकोचं म्हणणं, ते बासीच्या दारूचं होतं. मी चुकीचं लिहू नये म्हणून कळवते.


२३ जानेवारी

मनांग,

तुझं उत्तर मिनीबसच्या ड्रायव्हरने दिलं. चार ओळी. "लिलोंगनी कापितानसमोर स्वतः सांगितलं आहे की फळ त्यांनी तोडलं. मी नियमाप्रमाणे लिहिलं. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. भावना मध्ये आणू नकोस."

बरं. भावना बाजूला ठेवते. घडलं ते लिहिते.

तू नव्हतीस, तेव्हा ऐक. सुतकाचे काळे कपडे उतरवायचा दिवस. दीडशे माणूस. बकरं एक, तेही लिलोंगसारखंच, हाडं आणि अभिमान. ताता मेलचोरने पापाइतान करायला घेतली. आतडी, काळीज, आणि वरून पित्त. माणसं वाढत गेली तसा तो ओरडला, "अरे, बकऱ्याला पाय फुटणार नाहीत आता! दुधी आणा, दुधी!" मी पाट ओलांडून पलीकडे गेले. आपले खाण्याचे वेल तिकडेच आहेत. तिथून सहा आणले. तिथेच बसून सोलले, चिरले, त्याच्या पातेल्यात टाकले.

आता कडू दुधी कोणत्याही रश्शात पडला असता तर पहिल्या घासाला कळलं असतं. कुठल्याही दुसऱ्या गावात लोक थुंकले असते आणि वाचले असते. पण आपण पडलो आब्रा नदीकाठची माणसं. आंटी बासियांगने पहिला चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "मेलचोर, आज पित्त बरं सोडलंस रे!" कोणीतरी म्हणालं, जरा जास्तच कडू आहे. त्यावर ताता मेलचोर म्हणाला, "मनिलाला जा मग! तिथे साखर घालून देतात!" मग काय, आठ जणांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आपण कडू खाणारे आहोत हे दाखवायला. आंटीने तिसऱ्यांदा घेतलं. म्हणून ती इस्पितळात गेली. विषाने नव्हे, बढाईने. ती स्वतः असंच म्हणते. ती शनिवारी घरी आली, काठी धरून चालते.

आता लिलोंग. ते त्या दिवशी सकाळपासून फाटकाशी खुर्चीत होते. येणारा प्रत्येक जण त्यांचा हात कपाळाला लावून आत गेला. दीडशे माणसांनी त्यांना तिथे पाहिलं. त्यांना एकट्याने परसदारी जाता येत नाही, पाट ओलांडायचं दूरच. मग त्यांनी फळ तोडलं केव्हा? हा प्रश्न तुला पडला नाही. त्यांनी "मी तोडलं, माझे डोळे गेलेत" म्हटलं आणि तू लिहून घेतलंस. तुला तेच हवं होतं, असं मला वाटतं. तीन वर्षांपूर्वीचं भांडण तू त्या कागदावर जिंकलीस.

इकडे काय चाललंय तेही कळव म्हणालीस तर कळवते. न म्हणालीस तरी कळवते. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने लिलोंगची टोपी उलटी टांगून तिच्यात कोंबडी बसवली आहे. म्हणतो, "अंडी विषारी निघाली तर कळवीन." बारा वर्षं तीच टोपी घालून हा माणूस पावसात उभा राहिला. थेंब आत आला नाही. रविवारी चर्च सुटल्यावर तीन जणांनी आपापल्या टोप्या आपल्या ओट्यावर आणून ठेवल्या आणि निघून गेले. लिलोंगनी हात फिरवून एकेक ओळखली. "ही पेद्रिंगच्या बापाची. हिची शिवण सुटलीये." आणि शिवायला घेतली.

मी आत जाऊन भिंतीवर डोकं टेकून उभी राहिले. रागाने. तुझ्यावरच्या.

पेतांग

ता. क. वर "लिलोंगसारखंच बकरं" लिहिलं ते थट्टेने. खोडलं तर कागद घाण होईल म्हणून राहू दिलं.


३० जानेवारी

मनांग,

यावेळी चारसुद्धा नाहीत, एकच ओळ. "देठ कोणी चाखलं?"

तू हे मला विचारतेस? तुला या घरात आता काय विचारायचा हक्क आहे? आईला पुरलं त्या दिवशी माती ओली असताना तू शेवटची बस गाठलीस. आणि आता तीन शब्दांत चौकशी करतेस, आणि तीही अशी, की जणू तू अजून या घरची आहेस.

देठाचं म्हणतेस तर देठं माझ्याकडे आहेत. तू विसरली असशील, पण पातेल्यात गेलेल्या प्रत्येक फळाचं देठ स्वयंपाकघराच्या बांबूत खोचून ठेवायचं आणि सगळे जेवून, झोपून, सकाळी धडपणे उठल्यावरच फेकायचं, ही लिलोंगची रीत आम्ही सोडलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे धडपणे उठलेच नाहीत, म्हणून ती अजून खोचलेली होती. तू उकिरड्यात हात घालण्याऐवजी घरात आली असतीस तर मी तुला दाखवली असती.

मी काल त्यांतलं एकेक जिभेला लावलं. सहांपैकी चार नुसती वाळकी, चव नाही. दोन अशी कडू, की मी पाटावर जाऊन अर्धा तास चुळा भरल्या. मग पलीकडे जाऊन बघितलं. मी यंदा तिथे तीन बिया लावल्या होत्या, तीन वेल आहेत. तिन्हींचं पान सारखं, फळ सारखं, लांब, फिकट, मानेशी किंचित निमुळतं. प्रत्येकाचं एक कोवळं फळ तोडून देठाकडचं टोक चाखलं. पहिला गोड. दुसरा गोड. तिसरा, विहिरीकडचा, कडू जहर.

म्हणजे लिलोंगच्या मांडवावरचं काहीच पातेल्यात गेलं नाही. वीस पावलांवर उभी राहून तू खोटं लिहिलंस. उकिरड्यातलं पान आणि मांडवावरचं पान जुळलं, अर्थातच जुळलं. तांदूळ आणि तांदूळ जुळतात.

हे मी कापितानला सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "पोरी, तू म्हणतेस ते खरंही असेल. पण तुझ्या बहिणीच्या कागदावर शिक्का आहे. तुझ्या जिभेवर आहे का?"

तू लिही. जिभेवर शिक्का नसतो, पण तुझ्या हातात आहे.

पेतांग


४ फेब्रुवारी

मनांग,

तू उत्तर पाठवलं नाहीस. नुसती तीच ओळ मी पाच दिवस वाचते आहे. मागच्या पत्रात मी दोन पानं लिहिली आणि तिचं उत्तर तेवढं दिलं नाही. तुझ्या ते लक्षात आलं असेल. तुझ्या नेहमीच लक्षात येतं.

कोणी चाखलं नाही. मी चाखलं नाही.

त्या दिवशी मी पाटाकडे निघाले तेव्हा लिलोंगनी फाटकातून हाक मारली, "पेतांग, टोक चाखशील ना?" मी "हो" म्हटलं. वेलाशी गेल्यावर माझा हात थांबला. ते अन्न आईचं होतं. तिच्या फोटोपुढे तिचं ताट मांडल्याशिवाय जिवंत माणसाने जिभेला काही लावायचं नाही, हे तिनेच मला शिकवलं. मी चार वर्षांची असताना आजीच्या फोटोपुढच्या पानातली चिकट भाताची वडी खाल्ली म्हणून तिने मला उन्हात उभं केलं होतं. मला वाटलं, चाखलं तर आईच्या आधी मी जेवले असं होईल. शिवाय पहिल्या दोन वेलांची फळं आम्ही नाताळपासून खात होतो. ती गोड होती. तिसऱ्याला उशिरा धरली, ती मी मुद्दाम आईच्या दिवसासाठी राखली होती. परत आले तेव्हा लिलोंगनी पुन्हा विचारलं, "चाखलंस?" मी म्हटलं, "चाखलं, गोड आहे." गोड आहे, असंसुद्धा म्हटलं, मनांग. नुसतं "हो" पुरलं असतं.

त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी कापितान आला तेव्हा त्याने विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मी तोडलं. माझे डोळे गेलेत." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा चेहरा दिसत नाही, तरी पाहिलं. आणि मी गप्प राहिले. मग तू आलीस, आणि मला रागवायला कोणीतरी मिळालं.

आता मी जे लिहिणार आहे ते माझी चूक कमी करण्यासाठी नाही. पण खरं अर्धं लिहायची मला चीड आहे, आणि उरलेलं अर्धं तुझं आहे.

त्या तीन बिया कुठल्या, हे तू विचारलं नाहीस. आईच्या दूध-पावडरीच्या रिकाम्या डब्यातल्या. डब्यावर तिने कोळशाने लिहिलं होतं, "होनोरचा मांडव."

आठवलं? नुकती नोकरी लागली होती तुला. लिलोंग म्हणायचे, टोपी पाटाच्या अलीकडे, ताट पलीकडे, मधे पाणी वाहतं राहू दे. तू म्हणालीस, ही म्हाताऱ्यांची अंधश्रद्धा. आणि त्यांच्याच मांडवाच्या खांबाशी आईचा ताटातला दुधी लावलास. जानेवारीत त्याला फळं धरली. गोड. तू ताटली घेऊन अंगणभर फिरलीस, सगळ्यांना खायला घातलंस आणि लिलोंगना म्हणालीस, "कुठे गेला तुमचा कडूपणा? की तोंडातच आहे?" लोक हसले. ते फक्त म्हणाले, "याचं बी ठेवू नका." तुला वाटलं ते हरले म्हणून बोलतात. तू पिशवी भरलीस, आणि त्या दिवसापासून या घरात जेवली नाहीस.

मनांग, त्या वर्षीचं फळ गोडच असणार होतं. वेल आईचाच होता. संध्याकाळी पांढरी फुलं उमलली, रात्रीचे पतंग मांडवावरच्या फुलांतून या फुलांत आले, आणि जे काही मिसळलं ते बीच्या आत मिसळलं. कुठल्या बीत मिसळलं, कुठल्या नाही. ते फळ तू चाखलंस आणि जिंकलीस. बी कोणी चाखत नाही. लिलोंगना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. तुला पुस्तकासकट ठाऊक असायला हवं होतं.

आईने ते बी ठेवलं. टाकायचं सांगितलं होतं तरी ठेवलं. ती दर वर्षी जुनं बी लावायची आणि तो डबा नुसता पुसून परत ठेवायची. का, ते तुला लिहायला हवं का? तू लावलेला तो शेवटचा वेल होता.

आणि तू येणार नाहीस हे मला सप्टेंबरातच माहीत होतं. म्हणून मी त्यातल्या तीन लावल्या. तू नाहीस तर निदान तुझ्या वेलाचं फळ आईच्या ताटात असावं. हे मला चांगलं वाटलं होतं.

शनिवारी, दहा तारखेला, माणसं कोयते घेऊन येतील. मी सगळ्यांसमोर माझं सांगणार आहे. तुझं सांगणार नाही. ते तुझ्या तोंडून यायला हवं.

पेतांग


१२ फेब्रुवारी

मनांग,

तू शनिवारी आली होतीस, तरी लिहिते. तू उशिरा आलीस आणि लवकर गेलीस. आधीचं आणि नंतरचं तुला ठाऊक नाही.

कापितान चार माणसं घेऊन आला. मागे अर्धं गाव. मी उखळावर चढले, म्हणजे मागे सरता येऊ नये. म्हटलं, फळ मी आणलं, चाखलं नाही, लिलोंगना चाखलं म्हणून खोटं सांगितलं, ते माझ्यासाठी खोटं बोलले. एका दमात. लिलोंग काय चिडले! "कोणी विचारलं होतं तुला? चौऱ्याऐंशी वर्षांत एक खोटं धड बोललो होतो, तेही टिकू दिलं नाहीस!"

आंटी बासियांग काठी टेकत पुढे आली. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "महिनाभर मी या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या. सकाळ-संध्याकाळ, प्रार्थनेसारख्या. आता त्या परत कशा घेऊ? सांग ना! कोंबडी आहेत का त्या, हाकलून खुराड्यात घालायला?" तिने लिलोंगच्या पुढ्यातली एक टोपी उचलली, डोक्यावर घातली, "सैल आहे," म्हणाली, आणि तशीच खाली बसली. ताता मेलचोर मागून ओरडला, "पण पापाइतान झाली होती चांगली, कबूल करा!"

मग मी तिन्ही वेलांची फळं आणि मांडवावरचं एक आणलं. कापितानने चारही टोकं चाखली. त्याचा चेहरा तुला दाखवायला हवा होता. तरी तो म्हणाला, "मला पटलं. पण कागद कागद आहे." कोयतेवाले मांडवाच्या पहिल्या खांबाशी गेले. तेव्हा तुझी जीप आली.

पुढचं तू जाणतेस. तुझा नवा कागद तू फाटकातून वाचलास. "दोन्ही वेल एकाच जातीचे. पानावरून भेद करणे शक्य नाही. आधीचा अहवाल चुकीचा. कडू फळ संकर झालेल्या एका वेलाचे. तेवढाच उपटावा. टोपीचे वेल राहू द्यावेत. कोणतेही फळ शिजवण्याआधी चाखावे." शिक्का दोन ठिकाणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोयतेवाल्यांनी कोयते कमरेला लावले आणि कॉफी मागितली.

सगळं खरं आहे त्या कागदात. "चुकीचा" असं तू स्वतःच्या हाताने लिहिलंस, ते सोपं नव्हतं, हे मला कळतं. पण "संकर झालेल्या" म्हणे. संकर झाला, जसा काही पाऊस झाला. मी उखळावर उभी होते, मनांग. सगळ्या गावासमोर. तुला फाटकाच्या आत येऊन एक वाक्य बोलायचं होतं.

लिलोंग म्हणाले, "होनोर आहे ना? बूट काढ आणि आत ये." तू म्हणालीस, "उशीर होतोय, लिलोंग. ऑफिसची गाडी आहे." मग ते माझ्या खांद्याला धरून फाटकापर्यंत आले आणि तुझ्या हातात एक पान दिलं. "डोळे मीट. सांग."

तू डोळे मिटलेस. पान गालाला लावलंस. तुझा ड्रायव्हर बघत होता, तरी लावलंस. म्हणालीस, "दुधी."

"टोपीचा की ताटाचा?"

तू पान दुसऱ्या गालालाही लावून पाहिलंस.

"सांगता येत नाही, लिलोंग."

"बरोबर," ते म्हणाले. "जा आता, उशीर होतोय."

ते पान तू परत दिलं नाहीस. खिशात घातलंस. मी पाहिलं. म्हणून हे पत्र लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

जीप गेल्यावर मी विहिरीकडचा वेल उपटला. कोणाला हात लावू दिला नाही. मूळ सहज सुटलं, जाळायला मात्र वेळ लागला, कारण तो हिरवा होता आणि त्याच्यावर अजून नऊ कोवळी फळं होती, दिसायला अगदी आईची. लिलोंगना विचारलं, कागदात होनोरने आपलं नाव का नाही लिहिलं? ते टोपीची कड शिवत होते. म्हणाले, "फळ अजून पिकलं नसेल." मला हे उत्तर पटलं नाही. मी अजून रागावलेली आहे. तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

सोबत पुडीत पाच बिया आहेत. आईच्या डब्यातल्या शेवटच्या. यांतल्या कोणत्या निव्वळ आईच्या आणि कोणत्यांत मांडव शिरलाय, ते बी बघून तुला ओळखता येणार नाही. मलाही नाही. त्या इथे लावणं मला जमणार नाही, आणि टाकणंही. डबा तुझ्या नावाचा आहे.

सप्टेंबरात लाव. जवळपास दुसरा दुधी नसेल अशा जागी. फळ धरलं की, सुरी लावायच्या आधी, देठाकडचं टोक चाख. मग मला लिही. शिक्क्याच्या कागदावर नको.

कडू निघालं तरी लिही.

पेतांग